तबकडीवरचे तीन ठिपके

१

सर्व्हेअरबाईंनी कापसाची काडी साबणाच्या पाण्यात बुडवली, निथळवली, तबकडीवर टेकवणार तोच त्यांचा हात जागच्या जागी थांबला. थोडक्यात वाचलं. आणखी एकदा काडी फिरली असती, तर एका माणसाच्या मरणाचा उरलासुरला पुरावा कापसाला लागून केराच्या डब्यात गेला असता.

बाईंची सारी नोकरी विमा कंपनीत, चेचलेल्या गाड्यांसमोर उभं राहण्यात गेली होती. गाडी कशी आपटली, कुठून आपटली, सांगणारा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्यांनी पत्र्याच्या घड्यांवरून ओळखायचं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचं काम त्यांनी घरीच सुरू केलं. पिवळी पडलेली काच बदलायची, गंजलेलं कडं घासायचं, अडकलेला काटा मोकळा करायचा, पुसट आकड्यांना धक्का न लावता तबकडी धुवायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. सोबतीला थोरली बहीण, ताई. तिला एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने नको तेवढं ऐकू येई. जेवायचं टेबल मीटरांनी व्यापल्यापासून दोघी बहिणी मांडीवर ताट घेऊन जेवत होत्या, आणि ताई रोज न चुकता त्याबद्दल बोलत होती.

समोरचे तीन मीटर डॉक्टरांच्या गाडीचे होते. मधला मोठा वेगाचा, डावीकडे ऑइलच्या दाबाचा, उजवीकडे इंजिनाच्या उष्णतेचा. काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या वळणावरून ती गाडी दरीत गेली आणि डॉक्टर गेले. त्यांच्या बायकोने गाडी भंगारात द्यायला ठाम नकार दिला. ताडपत्रीखाली ती घरामागच्या शेडमध्येच पडून राहिली. आता तीही नव्हती. गाडी एकदा तरी रस्त्यावर चालवायची म्हणून डॉक्टरांची लेक चादरीत गुंडाळून मीटर घेऊन आली होती.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. गाडी जोरात आपटते तेव्हा काटा वाकतो, तबकडीवर चापट बसल्यासारखा आदळतो आणि आपल्या टोकाचा रंग तिथे ठेवून जातो. पुढे काटा कुठेही जाऊन पडला तरी ठिपका हलत नाही. इथे तिन्ही तबकड्यांवर नारिंगी ठिपके होते. वेगाचा ठिपका फारच खाली, सायकलवाल्यालाही जमेल अशा आकड्यापाशी. ऑइलचा शून्यावर. उष्णतेचा अगदी तळाला, 'थंड'वर.

बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले.

ताईने विचारलं, काय झालं, तोंड का असं?

"ही गाडी दरीत गेली तेव्हा तिचं इंजिन बंद होतं," बाई म्हणाल्या. "नुसतं बंद नाही, गार पडलेलं."

"मग गेली कशी?"

"कुणीतरी ढकलल्याशिवाय जात नाही."

२

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आभाळ सकाळपासून भरून होतं आणि पडत मात्र नव्हतं. खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागली होती. सरकारी शाळेत ती चित्रकला शिकवत असे. हडकुळी, शांत, बोलताना समोरच्याकडे न बघणारी.

बाईंनी तिला आधी काहीच सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी काय झालं ते विचारलं. लेक खाली मान घालून सांगत गेली. ती तेव्हा मेडिकल कॉलेजात होती. त्या सकाळी तिने घरी सांगितलं की मी शिक्षण सोडतेय, मला तुमच्यासारखं व्हायचं नाही. वडील एक शब्द बोलले नाहीत, भरलं ताट सोडून उठले आणि दवाखान्यात गेले. दवाखाना त्यांनी अंधार पडल्यावर बंद केला आणि तिथून थेट गाडी काढून डोंगराकडे निघाले, असं कंपाउंडरने पोलिसांना सांगितलं होतं. वर डॉक्टरांचा धाकटा भाऊ, तिचा काका, एकटा राहतो. त्याच्याकडेच निघाले असतील. वळणावर गाडी सुटली. खाली ब्रेकचं तेल सांडलेलं सापडलं, म्हणून ब्रेक नुकतेच केलेल्या मिस्त्रीवर खापर फुटलं. खटला उभा राहिला नाही, पण मिस्त्रीचं गॅरेज बसलं ते बसलंच.

"मिस्त्रीला लोक बोलतात," लेक म्हणाली. "पण मला माहीत आहे. ते रागात होते. माझ्यावर."

ताईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि निमूटपणे आत गेली.

मग बाईंनी भिंग तिच्या हातात दिलं. उष्णतेच्या मीटरमागची केसासारखी बारीक तांब्याची नळी दाखवली. ही थेट इंजिनात जाते, हिला विजेची गरज नाही. इंजिन बंद केलं तरी ते निवेपर्यंत काटा गरमच दाखवतो. दवाखान्यापासून वळणापर्यंत चढावरून एवढा लांबचा रस्ता कापला असता तर काटा वर असता. तो तळाला होता. म्हणजे गाडी तिथे दुपारपासूनच कुठेतरी उभी होती.

लेकीने भिंग दोनदा डोळ्याला लावलं.

"आणि आता हे बघ. इथे माझी मती गुंग होते," बाई म्हणाल्या. मीटरांच्या मागचे छोटे बल्ब त्यांनी कापसावर मांडून ठेवले होते. विझलेल्या बल्बला दणका बसला तर आतली तार काडीसारखी कटकन तुटते, त्यांनी सांगितलं. पण बल्ब पेटलेला असेल तर तार तापून मऊ झालेली असते. ती तुटायच्या आधी ताणली जाते, लांबते. इथल्या सगळ्या तारा ताणलेल्या होत्या, आणि एकाच दिशेला.

"म्हणजे दिवे चालू होते?"

"हो. इंजिन बंद आणि दिवे चालू. अपघात भासवायचा तर माणूस इंजिनही चालू ठेवील. लपवाछपवी करायची तर दिवेही बंद करील. हे अर्धवट कोण करतं?"

लेक म्हणाली, काकांना विचारू, ते तिथेच राहतात, बाबांच्या मागे त्यांनीच तर आम्हाला सांभाळलं. बाईंनी तिला थांबवलं. एवढ्यात कुणालाच काही सांगू नकोस, म्हणाल्या.

"काकांनाही नाही?"

"त्यांना तर नाहीच."

३

मिस्त्री आता पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरत असे. बाईंनी गाडीचं नाव काढताच त्याने हातातली नळी हुकाला अडकवली आणि पाठ फिरवली.

त्याच्यावर संशय घ्यायला लोकांना फक्त ब्रेकचंच कारण नव्हतं. त्याचा मुलगा डॉक्टरांच्या उपचारांखाली असताना दगावला होता. आजार बरा होणारा नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण दुःखाला कुठे कान असतात? मिस्त्रीने भर दवाखान्यात, माणसांदेखत, तुमच्याही घरात अंधार पडेल असं म्हटलं होतं. पुढे तोच मिस्त्री त्याच डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक करतो, आणि गाडी दरीत जाते. लोकांनी दोनात दोन मिळवले.

"तुम्ही ते म्हणालात, तरी त्यांनी गाडी तुमच्याकडेच का दिली?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री म्हणाला, की डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले होते. किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, मिस्त्री, माझा जीव तुझ्या हातात देतोय, आता तरी बोल माझ्याशी. ब्रेक करताना तो रडत होता. तसे ब्रेक त्याने आयुष्यात कुणाचे केले नव्हते.

"मग रोज रात्री तेच. नट आवळला होता का? आवळला होता. पुन्हा आवळून बघितला होता का? बघितला होता. तरी बाई, माणूस गेला ना."

बाईंना त्याला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण अर्धं सत्य हे पूर्ण खोट्यापेक्षा वाईट, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्या गाडीचे दिवे किल्लीशिवाय लागत का.

लागत, मिस्त्री म्हणाला. चाकाच्या बाजूला खुंटी होती, ती ओढली की गाडी बंद असली तरी पुढचे दिवे आणि मीटर उजळत. डॉक्टरांना तिची इतकी सवय की ते गाडीत बसले की आधी ती ओढत. कधीकधी भर उन्हातसुद्धा, आणि मग स्वतःशीच हसत.

बाई निघाल्या तशी तो मागून म्हणाला, "कंपाउंडरला विचारा. डॉक्टर त्या दुपारी ह्याच पंपावर दिसले होते, असं इथला जुना माणूस सांगायचा. मी बोललो असतो, पण माझं कोण ऐकणार होतं?"

४

कंपाउंडरने दार अर्धंच उघडलं. म्हातारा, स्वच्छ सदरा, दाढी घोटलेली, नजर मात्र पळणारी. त्याच्याबद्दलही कुजबुज होतीच. तो डॉक्टरांच्या माघारी आपल्याच मताने औषधं देतो म्हणून डॉक्टरांनी त्याला सर्वांसमोर झापलं होतं. कामावरून काढणार अशी बोलवा होती.

आधी त्याने जुनंच पालुपद आळवलं. अंधार पडल्यावर दवाखाना बंद केला, साहेब निघाले, मी कुलूप लावलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे इंजिनाचं सांगितलं, पंपावरच्या माणसाचं सांगितलं आणि म्हणाल्या, की तुमच्या ह्या एका वाक्यापायी एक मिस्त्री रोज मरतोय आणि एक पोर स्वतःला बापाची खुनी समजून जगतेय.

कंपाउंडर मटकन खुर्चीत बसला.

"मी शब्द दिला होता हो."

मग गाठ सुटली. डॉक्टर दर बुधवारी दुपारीच दवाखान्यातून निघून जात आणि रात्री उशिरा परतत. घरी कळू द्यायचं नाही, विचारलं तर पेशंट आहेत म्हणून सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. कंपाउंडर ते इमानाने पाळत असे. तो दिवसही बुधवारच होता. साहेब गेल्याची बातमी आली, पोलीस आले, आणि तोंडातून सवयीने तेच वाक्य गेलं. नंतर ते फिरवायचं कसं? साहेबांचं बाहेर कुठे काही असेल, ते मेल्यावर चव्हाट्यावर यायला नको, असंही मनात आलं.

"काही म्हणजे? कुणी बाई?"

त्याने मान वळवली. मला काय ठाऊक, म्हणाला. पण मग स्वतःच कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. एक गोष्ट त्याला तेव्हाही खटकली होती. साहेब बुधवारी जाताना कपाटातून एक बाटली घेऊन जात. गोळ्यांची.

"कसल्या गोळ्या?"

"दारू सुटायच्या," कंपाउंडर म्हणाला. "पण साहेब तर थेंबालाही शिवत नव्हते."

५

बाई डोंगरावर गेल्या त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की बसमधून उतरल्यावर त्यांना स्वतःच्या चपला दिसेनात. वळण गाठलं. कठडा आता नवा होता. वळणापासून वर एकच कच्चा रस्ता जात होता, सरळसोट चढाचा, खडी पसरलेला, आणि तो काकाच्या फाटकाशी संपत होता. बाई दोनदा थांबून, श्वास घेऊन वर पोचल्या. फाटकाशी उभं राहून त्यांनी मागे वळून पाहिलं. इथे गाडी न्यूट्रलला सोडली तर तिला दुसरं कुठे जायलाच जागा नव्हती.

काका साठीचा, सडसडीत, वागायला अतिशय मऊ. बाईंनी गाडीच्या जुन्या किल्लीचं निमित्त केलं. त्याने चहा केला, शेगडी त्यांच्या पायांजवळ सरकवली, गुडघ्यांना कसं वाटतं ते विचारलं. घर आरशासारखं लख्ख. भिंतीवर पुतणीने काढलेली चित्रं, लहानपणच्या मांजरापासून परवाच्या डोंगरापर्यंत, एकेक काच रोज पुसलेली. पोरीचं नाव काढलं की त्याचा चेहरा खुलत होता. गाडी मात्र भंगारात द्या, असं तो दोनदा म्हणाला. कशाला जुनी खपली काढायची?

अंगणात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. किल्ली शोधायला तो आपल्या शेडकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. बाई खिडकीतून पाहत होत्या. प्रत्येक वेळी तो खालची एक पायरी ओलांडून जात होता. पायरी फुटलेली नव्हती, निसरडीही नव्हती. बाकीच्यांपेक्षा ती स्वच्छच होती.

चहा संपत आला तेव्हा बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की इतक्या थंडीत एकटं राहायचं म्हणजे घोटभर काही घेत असाल.

"छे. दादा गेला त्या दिवसापासून मी हात लावला नाही," काका म्हणाला.

आणि शेगडीच्या उजेडात त्याच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. त्याने कप खाली ठेवला. बाईंनीही ठेवला.

"रविवारी माझ्याकडे या," बाई शेवटी म्हणाल्या. "तुमची पुतणीही असेल. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला माणूस हवाय, आणि ते माझ्याने होणारं नाही."

तो येईल की त्याच वळणावरून स्वतःला लोटून देईल, याची बाईंना बसमध्ये बसेपर्यंत खात्री नव्हती.

६

तो आला. कडक इस्त्रीचे कपडे घालून, सगळ्यांच्या आधी. मिस्त्री दाराजवळच्या स्टुलावर अवघडून बसला, कंपाउंडर भिंतीला टेकून. लेक काकाच्या शेजारी बसली, नेहमीसारखी. ताईने ऐकू येणारा कान खोलीकडे करून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली.

बाईंनी फापटपसारा केला नाही. तीन ठिपक्यांचं सांगितलं. दर बुधवारचं सांगितलं. डॉक्टर कुणाला तरी दारूतून सोडवायला जात होते आणि तो माणूस उघडा पडू नये म्हणून स्वतःच्या बायकोशीही खोटं बोलत होते. वळणावर गाडी कुठून आली असेल, तर रस्ता एकच आहे. आणि वर राहणाऱ्या माणसाने पिणं सोडलं, ते त्याच दिवशी. मिस्त्रीकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या ब्रेकना कुणी संधीच दिली नाही. तेल सांडलं ते आपटल्यावर."

मिस्त्रीने तोंडावर हात दाबून धरला. त्याचे खांदे हलत होते.

लेक हळूच काकाकडे वळली. तिने त्याचा हात सोडला नव्हता, हे बाईंनी पाहिलं.

काका समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागला. दादा दुपारी आला तेव्हा खुशीत होता. म्हणाला, पोरीने आज मला पार गप्प केलं. बरोबर आहे तिचं. माझ्यावर गेलीय, ऐकत नाही. रात्री घरी जाऊन तिला सांगतो, कर बाई तुझ्या मनासारखं.

लेकीच्या तोंडून एक बारीक आवाज आला. ताई खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

दादा गोळ्या देऊन, गप्पा मारून संध्याकाळी निघायचा, काका सांगत होता. पण त्या दिवशी त्याला शेडमध्ये लपवलेली बाटली सापडली. तोवर काकाच्या पोटात अर्धी गेलेली होती. दिवसभर चोरून घोट चालले होते. पायऱ्यांवर ओढाताण झाली. बाटली सोडली कुणी, धक्का दिला कुणी, हे तो देवाशपथ सांगू शकत नव्हता. दादा मागे पडला, डोकं पायरीवर आपटलं आणि पुन्हा हलला नाही. त्याने नाडी पाहिली. लागली नाही. हात थरथरत होते, स्वतःचीही लागली नसती. हाका मारल्या. किती वेळ तो तिथे बसून होता कोण जाणे. अंधार पडला, गारठा पडला. मग मनात आलं की दारुड्या भावाने डॉक्टरला मारलं, हे दादाच्या पोरीने आयुष्यभर ऐकायचं का? हे त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि आजवर सांगत आला होता. खरं म्हणजे तो घाबरला होता.

"दादाला गाडीत बसवलं. इंजिन लावायची हिंमत झाली नाही, आवाज झाला असता. ब्रेक सोडला आणि लोटली. दिवे मुद्दाम बंद ठेवले, खालच्या वस्तीतून कुणाला दिसू नयेत म्हणून. मग घरात जाऊन दार लावून घेतलं. बघवलं नाही."

बाईंनी नजर टेबलाकडे वळवली, आणि कापसावर झाकण ठेवायला त्यांचा हात पुढे झाला. पण लेकीने त्यांच्याआधी तिकडे पाहिलं होतं.

तिने काकाचा हात सोडला.

"काका," ती म्हणाली, "दिवे चालू होते."

त्याला कळेना. नाही ग, तो समजावणीच्या सुरात म्हणाला, मी स्वतः बघितलं होतं, सगळा काळोख होता. लेकीने उठून एक बल्ब आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. गाडी आपटली तेव्हा हा पेटलेला होता, एवढंच बोलली. कंपाउंडरला सगळ्यांत आधी उमगलं; त्याने भिंतीकडे तोंड केलं. मिस्त्री पुटपुटला, गाडीत बसले की आधी खुंटी ओढायचे.

काका बल्बकडे बघत राहिला. मग त्याने बाईंकडे पाहिलं. लहान मूल पडल्यावर आधी मोठ्यांच्या तोंडाकडे पाहतं, रडायचं की नाही ते ठरवायला, तसा.

"बाई, ही म्हणते ते..."

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

७

पोलीस चौकीत काका स्वतःच्या पायांनी गेला. लेक त्याच्यासोबत दारापर्यंत गेली, आत गेली नाही. लोक पुढे तिला बरंच काही विचारत. तू त्याला माफ केलंस का, भेटायला जातेस का. ती उत्तर देत नसे. महिन्यातून एकदा मात्र ती स्वेटर, पुस्तकं असं काहीबाही तुरुंगाच्या खिडकीत देऊन यायची, न भेटता.

मीटर आणि बल्ब पुरावा म्हणून पोलिसांनी नेले. गाडीच्या डॅशबोर्डवर तीन काळी भोकं राहिली. मिस्त्री एक दिवस पंपावरून सुट्टी घेऊन शेडमध्ये आला, गाडीखाली सरपटला आणि बाहेर येऊन म्हणाला, की ब्रेक मी नव्याने करून देतो, पण चालवायची की नाही ते तुम्ही ठरवा. लेकीने अजून ठरवलेलं नव्हतं.

ती बाईंकडे मात्र येत राहिली. काम काही नसे. टेबलाच्या कोपऱ्यात बसायची, बाईंना काचा पुसून द्यायची. ताई तिच्यापुढे ताट ठेवायची आणि ते जवळजवळ तसंच परत उचलायची. हाडं दिसायला लागलीत पोरीची, म्हणून पुटपुटायची.

अशाच एका मळभाच्या दुपारी, दोघींची ताटं समोर असताना, लेकीने विचारलं.

"मावशी, बाबांना किती वेळ मिळाला असेल? जाग आल्यापासून?"

बाईंच्या हातात कुणाच्या तरी गाडीचं घड्याळ होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्याचं उत्तरही. तो चढ त्या स्वतः चढून आल्या होत्या. खडीवरून गाडी आधी अगदी संथ सरकली असणार. डोकं जड, पाय लुळे, पेडलपर्यंत न पोचणारे. हात मात्र हलत होता. मग दिवे लागले, आणि समोरचा सगळा रस्ता उजेडात आला, वळणापर्यंत. उतार लांब होता. नोकरीत बाईंनी एकही आकडा कधी कुणाच्या भिडेखातर बदलला नव्हता. साहेबांच्या नाही, सगेसोयऱ्यांच्या नाही. त्यासाठी त्यांनी शिव्याही खाल्ल्या होत्या.

"वेळ कसला ग," त्या म्हणाल्या. "डोळे किलकिले झाले, सवयीने हात खुंटीकडे गेला, आणि संपलं. काय होतंय ते कळलंसुद्धा नसेल त्यांना."

"नक्की?"

"नक्की."

लेक थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. ताई आमटी वाढायला वाकली, तेव्हा पोरीच्या डोक्यावरून तिने आपल्या बहिणीकडे एकवार पाहिलं. चांगला कान आज टेबलाकडेच होता. तिने बहिणीच्याही ताटात पळीभर आमटी वाढली, आणि आत निघून गेली.